ते डोळे सुमनताईंचे

तारखा प्रथम देतो, म्हणजे पुढे कोणाला 'स्मरत नाही' असे म्हणण्याची सोय राहणार नाही. इंग्रजी तारखाही मजजवळ आहेत. परंतु ज्या बाईंविषयी हे लिहीत आहे त्या आयुष्यभर सणावारांनी दिवस मोजत आल्या, म्हणून त्यांच्याच पद्धतीने देतो.

कोजागिरीचा दुसरा दिवस. मुंबईचे चित्रपट-दिग्दर्शक श्री. उमाळे पेण येथे सुमनताई घरत यांच्या गणपतीच्या कारखान्यात आले आणि त्यांनी कामाची गळ घातली. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. रोहे येथे, कुंडलिकेच्या काठच्या हसनमियाँच्या वाडीत, उपस्थित सर्वांसमक्ष श्री. उमाळे यांनी शब्द दिला की, सुमनताईंचे नाव पडद्यावर पहिल्या पाटीत झळकेल. पाडव्यानंतरचा शुक्रवार. 'अर्धं गोंदण' हा त्यांचा भयपट रोह्याच्या टॉकीजमध्ये लागला. नाव पहिल्या पाटीत नव्हते, शेवटच्या पाटीत नव्हते, कुठेच नव्हते. आणि परवाची संकष्टी. इतक्या वर्षांनी हा चित्रपट नव्या पिढीला सापडला आहे, त्याचे कौतुक चालले आहे, आणि त्या कौतुकाच्या भरात श्री. उमाळे एका वाहिनीवर म्हणाले, "त्या गोंदणासाठी आणि त्या डोळ्यांसाठी मी खास परदेशातून कलावंत आणला होता."

परदेशातून! पेण परदेशात केव्हा गेले, याची मला तरी कल्पना नाही.

जबाबदार कोण, तेही सांगतो. पहिले श्री. उमाळे. दुसरे निर्माते, ज्यांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही. तिसरा, ज्याने पडद्यावरच्या पाट्या लिहिल्या तो. पण त्याचे नाव मला ठाऊक नाही आणि अज्ञात इसमावर आरोप ठेवणे मी आयुष्यात कधी मान्य केलेले नाही, म्हणून त्याला वगळतो. पैशाचा वाद नाही. मजुरी ठरल्याप्रमाणे पोचली. वाद नावाचा आहे, आणि तो पैशाच्या वादापेक्षा मोठा आहे.

आता सुमनताई कोण, हे सांगणे प्राप्त आहे. मी पेणच्या दिवाणी न्यायालयात नाझर होतो. वादी कोण हे नीट कळल्याखेरीज दाव्याला अर्थ नसतो, एवढे तिथे शिकलो.

त्या माझ्या शेजारीण. आमच्या परसाच्या भिंतीला लागून त्यांचा कारखाना. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पेणमध्ये कारखाना म्हटले की धुराडे नव्हे. पत्र्याची लांब पडवी, फळ्यांच्या मांडण्या आणि त्यांवर ओळीने बसलेले गणपती. नवरा अकाली गेल्यावर त्यांनी तो एकटीने चालवला. माती मळणारे, साचे काढणारे, रंग देणारे कारागीर होते. पण डोळ्यांची आखणी सुमनताई दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. मूर्ती सगळी पुरी झाली, सोंडेवरची नक्षी झाली, बोटांची नखे झाली की अगदी शेवटी त्या पाट ओढून समोर बसत. कुंचल्याचे टोक ओठांत धरून सारखे करत. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठावर एक काळा ठिपका कायमचा बसला होता. मग श्वास रोखत. सगळ्या पडवीत कोणी बोलायचे नाही, खोकायचे नाही. दोन्ही डोळे उघडले की त्या मोठा उच्छ्वास टाकत आणि मूर्तीला दटावत, "हां. आता बघ सगल्यांकडं नीट. भेदभाव नाय करायचा."

त्या विनयशील होत्या असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. असली बढाईखोर बाई मी पेण तालुक्यात दुसरी पाहिली नाही. त्यांच्या मूर्ती परदेशी जात. स्वतः त्या रोह्याच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या, पण म्हणत, "अमेरिका कशी हाय ती माझ्या डोल्यांनी बघितलीय, नाझरभाऊ. तिथं जो गणपती बसलाय, त्याचे डोले कुणाचे?" सिनेमाचे विलक्षण वेड. गोष्टीकडे लक्ष नसे, पडद्यावर माणसाचे तोंड मोठे झाले की पुढे वाकून बघत आणि बाहेर आल्यावर निकाल देत, "नटी देखनी हाय गो, पन डोले कच्चे ऱ्हायलेत."

एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने निरोप पाठवला की, यंदा मूर्तीचे डोळे जरा करारी, रागीट असावेत. निरोप्या दारात उभा. मी भिंतीपलीकडे विहिरीवर होतो. सुमनताईंनी आवाज चढवला, तो मला ऐकू यावा म्हणूनच चढवला, "रागीट डोले पायजेत? मंग आमच्या नाझरभाऊंनाच मखरात बसवा म्हनावं. रंगाचा खर्च वाचंल!"

मी तक्रार केली नाही. वस्तुस्थितीला बदनामी म्हणता येत नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तीच पुढे महत्त्वाची ठरली. त्यांच्या उजव्या मनगटाच्या आत तुळशीचे गोंदण होते. लहानपणी पेणच्या बाजारात गोंदणारणीपुढे आईने बसवले. सुया टोचू लागल्यावर पोर हात हिसडून बाजारातून पळाली ती थेट घरी. तुळशीचे एक पान राहून गेले. आई म्हणे पुढे किती दिवस त्या गोंदणारणीला शोधत होती, अर्धे काम अंगावर राहू नये म्हणून. पण ती बाई पुन्हा त्या बाजारात बसली नाही. दर वर्षी हंगामातल्या शेवटच्या गणपतीचे डोळे उघडले की कुंचल्यात उरलेल्या काळ्या रंगाने सुमनताई मनगटावर ते राहिलेले पान काढत. भांडी घासता घासता ते पुसले जाई. पुढच्या वर्षी पुन्हा.

अशा बाईपुढे श्री. उमाळे येऊन बसले. त्या वेळी ते तरुण होते, दाढीवाले, घाईचे. कारखाने गणपतीनंतर सुने पडलेले असतात. रिकाम्या फळ्यांमधल्या एका पाटावर बसून त्यांनी आपली कथा सांगितली, आणि मी साक्षीदार म्हणून सांगतो की, ती त्यांनी फार उत्तम सांगितली. ते परदेशात असताना त्यांनी सामोआच्या लोकांचे गोंदण पाहिले होते. सामोआ म्हणजे दूर महासागरातली बेटे. तिथे पुरुषाला कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदतात. हाडाच्या दातांची फणी काळ्या रंगात बुडवायची, अंगावर टेकवायची आणि काठीने ठोकायची. मदतनीस कातडी ताणून धरतात, घरची माणसे भोवती बसून गातात, आणि दिवसामागून दिवस ते चालते. सगळ्यात शेवटी बेंबी गोंदतात. ती झाली की काम पुरे. दुखते म्हणून जो मध्येच उठला, तो ते अर्धे अंग घेऊन जन्मभर लाजेने फिरतो.

"मग?" सुमनताईंनी विचारले. त्यांचा चहा निवत होता.

"मग आपल्या कोकणातला एक खलाशी तिथे जातो, हौसेने गोंदायला बसतो आणि अर्ध्यातून पळतो. बोटीवर चढतो, गावी येतो. पण तो म्हातारा गोंदणारा मेल्यावरही त्याच्या मागे येतो. घरात काठीचा आवाज. टक, टक, टक. आणि रोज सकाळी अंगावरची एक रेघ वाढलेली!"

सुमनताईंनी मनगट वर करून त्यांच्यासमोर धरले. उमाळ्यांनी ती अपुरी तुळस पाहिली आणि ते पाटावरून उठून उभेच राहिले. माझ्याही अंगावर काटा आला, हे मी नाकारत नाही.

"ही विद्या तिथं आनली कुनी?" सुमनताईंनी विचारले.

उमाळे म्हणाले, तिथले लोक सांगतात की दोन बहिणींनी आणली. समुद्र पोहून, हत्यारे बरोबर घेऊन. येताना त्या गात होत्या, की बायांना गोंदा, पुरुषांना नको. वाटेत शिंपल्यासाठी त्यांनी बुडी मारली आणि वर आल्या तेव्हा गाणे उलटे झाले होते: पुरुषांना गोंदा, बायांना नको.

सुमनताई इतक्या हसल्या की कुंचल्यांचा डबा लवंडला. "म्हंजे बायांनी जीव तोडून आनलं आन् पुरुष मिरवतात! तिथं पन तसंच हाय का? बरं, त्या दोघींचं नाव तरी घेतात?"

"घेतात तर. अजून गाण्यात घेतात."

"मंग बरं हाय," त्या म्हणाल्या. "नाव घेतात ना? मंग बरं हाय. कधी येऊ रोह्याला?"

हे संभाषण मी मुद्दाम जसेच्या तसे दिले आहे. नावाचा विषय कोणी काढला, केव्हा काढला आणि श्री. उमाळे यांना तो किती स्पष्ट समजला होता, याचा हा पुरावा आहे.

चित्रीकरण रोह्याला झाले. कुंडलिकेच्या काठी हसनमियाँची नारळाची वाडी होती; तीच सामोआ, आणि पलीकडची गोठ्याची बाजू म्हणजे कोकणातले खलाशाचे घर. हसनमियाँ बरीच वर्षे आखातात काढून परतलेले, उमद्या स्वभावाचे गृहस्थ. सुमनताईंनी मला बरोबर येण्याचा हुकूम केला. "सिनेमावाली मानसं हायत. कायदेवाला जवल असलेला बरा." माझी अर्जित रजा शिल्लक होती. मी गेलो, आणि खरे सांगतो, आयुष्यात इतकी मौज मी पुन्हा पाहिली नाही.

प्रश्न उभा राहिला तो हा की, खलाशाचे काम करणारा नट कमरेपासून गुडघ्यापर्यंत रोज रंगवायचा होता, आणि रंगवणार एक विधवा बाई. आमच्या आळीत कुजबूज झाली. दोन प्रतिष्ठित गृहस्थ माझ्याकडे येऊन विचारते झाले की, हे कायद्यात बसते काय. मी शांतपणे कलमे चाळली आणि त्यांना कळवले की, कोणतेही कलम आड येत नाही. सुमनताईंना ते कळले तेव्हा त्या रस्त्यावर येऊन गरजल्या, "गनपतीचं पोट मी रंगवते, मांड्या मी रंगवते, पीतांबर मी नेसवते. तवा कुनी लाजला नाय, आन् ह्या काटकुल्या पोऱ्याला बघून लाजताय व्हय?"

त्या नटाचे नाव अवी. बिचाऱ्याला गुदगुल्या फार. सकाळी वाडीतल्या बाकावर त्याला पालथा निजवून सुमनताई कुंचला टेकवीत आणि तो साळिंदरासारखा अंग आक्रसून घेई.

"अरे, हलतोस काय?"

"ताई, होत नाही सहन!"

"गनपती हलतो का?"

"गणपती मातीचा असतो, ताई!"

"तू पन मातीचाच हायस. जरा उशिरा कलंल तुला."

हसनमियाँ पोट धरून हसत. त्यांच्या घरातून बायका पडदा सारून बघत आणि चहा पाठवत. अखेर सुमनताईंनी उपाय काढला. त्या म्हणाल्या, त्या बेटावर माणसं भोवती बसून गातात ना, मग आपण पण गाऊ. हसनमियाँच्या घरच्या बायांनी त्यांची लग्नातली गाणी धरली, रंग कालवायला सुमनताईंनी बरोबर आणलेल्या पेणच्या पोरींनी फुगडीची धरली, आणि त्या दुहेरी गदारोळात अवी गप्प पडून राहिला. उमाळ्यांनी आणलेल्या सामोआच्या गोंदणाच्या पुस्तकातली चित्रे पाहून सुमनताईंनी ज्या रेघा ओढल्या, त्या पाहायला वाडीबाहेर माणसांची रीघ लागे. पट्टे, बाण, जाळी. कुठेही थरथर नाही.

उमाळ्यांशी त्यांचे खटके उडत ते एकाच मुद्द्यावर. उमाळे म्हाताऱ्या गोंदणाऱ्याला 'राक्षस' म्हणत.

"राक्षस कशाला? कारागीर हाय तो," सुमनताई म्हणत. "गिऱ्हाईक काम अर्धं टाकून पलालं म्हनून मागं आलाय. माझा गनपती कुनी बिनडोल्यांचा पलवून नेला, तर मी नाय जानार मागं? मेल्यावर पन जाईन!"

"ताई, लोकांना भीती वाटली पाहिजे."

"दुखतं म्हनून भूत व्हतं काय? भोवती घरचे गात बसलेत, आन् तुमी त्याला भूत म्हनताय!"

त्या बेटांवरील लोकांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि त्यांची बाजू त्या वाडीत मांडणारे एकच माणूस होते, हे नमूद करतो.

आता मूळ घटना. शेवटच्या प्रसंगात खलाशी एका गुहेत शिरतो आणि समोर तो म्हातारा बसलेला दिसतो, असे होते. त्यासाठी पेणजवळच्या जोहे गावातल्या एका कारखान्यातून माणसाएवढी मूर्ती करून आणली होती: मांडी घातलेली, हातात फणी आणि काठी. डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या खोबणी. उमाळ्यांनी बजावून सांगितले होते, "अंगावर गोंदण पुरे करा, पण डोळे काढू नका. आंधळेपणातच खरी भीती आहे." सुमनताईंनी मान डोलावली होती. याला मी साक्षी आहे, आणि सत्य माझ्या पक्षाच्या विरुद्ध असले तरी सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्या गुरुवारी सकाळी त्या मूर्तीपुढे बसल्या. कंबर झाली, मांड्या झाल्या, पोटावरचे पट्टे झाले. शेवटी बेंबी. पुस्तकात होती तशी त्यांनी ती पुरी केली. मग त्यांनी पाट पुढे ओढला. कुंचल्याचे टोक ओठांत धरले. मी हसनमियाँशी बोलत होतो. अचानक लक्षात आले की, पेणच्या सगळ्या पोरी गप्प झाल्या आहेत. खोकलासुद्धा नाही. ती शांतता मी भिंतीपलीकडून इतकी वर्षे ऐकली होती, की काय चालले आहे हे मला मान वळवण्याआधी कळले. मी "ताई!" म्हणून हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. आखणी चालू असताना हाक मारायची नाही, ही सवय माझ्याही अंगात होती.

दुसरा डोळा उघडला. मोठा उच्छ्वास. "हां. आता बघ सगल्यांकडं..." इथवर म्हणून त्यांनी जीभ चावली.

"नाझरभाऊ," त्या म्हणाल्या, "हात गेला हो."

काम पुरे झाले की डोळे उघडायचे. जन्मभर हाताला एवढेच ठाऊक. मूर्ती कोणाची, कशासाठी, हे हाताने विचारले नाही.

उमाळे आले, त्यांनी पाहिले आणि त्यांचा जो भडका उडाला तो मी लिहू शकत नाही; त्यातले काही शब्द दखलपात्र होते. मूर्तीकडे पाहून वाडीतल्या गडीमाणसांनी पायातल्या वहाणा काढल्या होत्या. दोघी जणी हात जोडून उभ्या होत्या. उमाळे किंचाळत होते, "हा राक्षस आहे! पाया कसले पडताय?" सुमनताई पदराला कुंचला पुसत उभ्या होत्या.

"पुसून टाका," उमाळे म्हणाले.

"उघडलेले डोले मी पुसत नाय," त्या हळू म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला सांगा."

कोणी पुढे आले नाही. हसनमियाँ म्हणाले, "अहो साहेब, दिवस कशाला फुकट घालवता? एकदा घेऊन तर बघा." उमाळ्यांनी चिडून होकार दिला. वाडीतच उभारलेली गुहा भर दुपारी काळ्या कापडांनी अंधारी केली. अवी धावत आत आला. ठरल्याप्रमाणे त्याने मूर्ती पाहून किंचाळायचे होते. तो किंचाळला नाही. मूर्तीपुढे थांबला. त्या डोळ्यांत राग नव्हता. घरच्या माणसाने उशिरा आलेल्याकडे पाहावे, तसे ते पाहत होते. अवी गुडघ्यांवर बसला आणि आपले अर्धे रंगवलेले अंग त्याने त्या मूर्तीपुढे आपणहून पसरले. आणि त्या क्षणी, वाचकहो, मी जो घाबरलो तसा जन्मात घाबरलो नव्हतो! पळणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही. स्वतः होऊन निजणाऱ्याची वाटते.

कॅमेरा थांबला. मग उमाळे धावत आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी सुमनताईंचे रंगाने माखलेले दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "ताई, हा सिनेमा तुमचा! तुमचं नाव पहिल्या पाटीवर! मोठ्या अक्षरांत!"

"सुमन अनंत घरत, पेन," त्या ताबडतोब म्हणाल्या. "पेन लिवा, विसरू नका."

"पेण लिहितो, ताई. शब्द आहे माझा."

तोंडी करार हाही करारच असतो. मागणी होती, स्वीकार होता, साक्षीदार होते. मी होतो, हसनमियाँ होते.

पाडव्यानंतरच्या शुक्रवारी पेणहून एस.टी. भरून बाया रोह्याला गेल्या. सुमनताईंनी ठेवणीतले जांभळे लुगडे नेसले होते. गाडीत त्या सगळ्यांना बजावत होत्या, "सुरुवात चुकवू नका गो. पाट्या लागायच्या आधी बसा. वाचता येत नसंल तिनं मला विचारा, मी दाखवीन कुठं हाय ते." टॉकीजमध्ये दिवे गेले. पहिली पाटी आली, गेली. दुसरी आली. बाया कुजबुजल्या, "कुठं हाय गो?" त्या म्हणाल्या, "येल, येल." पाट्या संपल्या.

शेवटी गुहा आली. ते डोळे पडदाभर मोठे झाले. वात्रट पोरांची शिट्टीसुद्धा थांबली. आणि त्या शांततेत, लहानपणी गोंदणारणीपुढून पळालेली ती बाई उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "हे डोले माझे हायत! सुमन घरतचे! पेनच्या!"

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि सबंध टॉकीज वाजले. माझ्याही हातांनी ते केले. मी न्यायालयात आयुष्य घालवलेला माणूस. सभेत टाळी वाजवण्याची मला सवय नाही. हात दुखेपर्यंत वाजवली.

परतीच्या गाडीत बाया त्यांची समजूत घालू लागल्या. एक म्हणाली, "जाऊ दे गो सुमन, गनपतीखाली तरी आपलं नाव कुठं असतं?"

सुमनताई ताडकन वळल्या. "गनपती बुडतो! मी जे केलं ते सगलं दर वर्साला पान्यात गेलं, मी कधी रडले? बुडनाऱ्याला नाव नको. पन हे बुडत नाय. जे बुडत नाय, त्याला नाव पायजे!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाझरभाऊ, लिवा."

तेव्हापासून मी लिहीत आलो आहे. निर्मात्यांना लिहिले, दिग्दर्शकांना लिहिले, वर्तमानपत्रांना लिहिले. आमच्या मंडळींनी एकदा विचारले, की हा तुमचा हट्ट किती दिवस. मी म्हटले, उत्तर येईपर्यंत. हसनमियाँ गेले; एक साक्षीदार कमी झाला. सुमनताई अधूनमधून भिंतीवरून विचारत, "आलं काय वो?" आणि मी 'नाही' म्हटले की म्हणत, "लिवत ऱ्हावा. तुमचा हात चालू हाय ना?"

त्यांचा हात मात्र थांबला. वयाने कंप आला, तशी त्यांनी आखणी पुतणीच्या हाती दिली. मला वाटले होते, त्या खचतील. त्या पाटाशेजारी बसून पुतणीला शिव्या देत राहिल्या, यापेक्षा अधिक काही झाले नाही.

त्यांना मी शेवटचे नीट पाहिले ते अनंत चतुर्दशीनंतरच्या एका दुपारी. माझ्या सुनेने सांगितले की, तो चित्रपट आता मोबाइलवर दिसतो. मी सुमनताईंना बोलावले. त्या काठी टेकत आल्या, ओटीवर बसल्या. सुनेने गुहेचा प्रसंग काढून दिला आणि ते डोळे दिसताच चित्र थांबवले. सुमनताई पुढे वाकल्या. ओठावरचा काळा ठिपका अजून होता. त्यांनी श्वास रोखला. मी आणि सूनही नकळत गप्प झालो.

"डावा वाईच वर गेलाय," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "असू दे. त्याला शोभतोय."

इतक्यात पडदा आपोआप काळा झाला.

"गेलं?" त्यांनी दचकून विचारले.

"नाही ताई, बोट लावा. परत येतं."

त्यांनी थरथरते बोट लावले. डोळे परत आले. त्यांनी थांबून पडदा काळा होऊ दिला आणि पुन्हा बोट लावले. पुन्हा आले. मनगट माझ्याजवळच होते. तुळशीवरचे ते शेवटचे पान त्या वर्षीही काढलेले होते, वाकडे, कापऱ्या हाताचे.

"म्हंजे खरंच बुडत नाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "मंग सोडू नका त्याला, नाझरभाऊ."

त्या माघात गेल्या. मी सोडलेले नाही.

सबब श्री. उमाळे यांना या लेखाद्वारे जाहीर विचारणा करीत आहे. मला खाजगी पत्र नको, दूरध्वनी नको, भरपाई नको. ज्या वाहिनीवर आपण 'परदेशी कलावंत' हे शब्द उच्चारलेत, त्याच वाहिनीवर, तितक्याच मोठ्याने, एका प्रश्नाचे उत्तर द्या. मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी, रोह्याला हसनमियाँच्या वाडीत, भरल्या डोळ्यांनी आपण ज्या बाईचे रंगाचे हात धरलेत, त्या बाईचे नाव काय? मी साक्षीला हयात आहे. नाव उच्चारा, आणि पुढे 'पेण' म्हणायला विसरू नका.